कॅलिफोर्नियातली शाळा, सॅक्रामेंटोचा पैसा: स्कूल डिस्ट्रिक्टच्या मागण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रमोन, अर्वाइन किंवा सॅन डिएगो, कुठेही राहत असलात तरी मूल सरकारी शाळेत गेले की वर्षभरात तुमच्या कानावर हे शब्द पडतातच: बजेट कट, पिंक स्लिप (नोकरकपातीची नोटीस), बॉण्ड, पॅरसल टॅक्स, एलकॅप (डिस्ट्रिक्टचा उद्दिष्टांचा आणि खर्चाचा आराखडा). डिस्ट्रिक्ट, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, राज्याकडे (राजधानी सॅक्रामेंटोकडे) आणि वॉशिंग्टनकडे काय मागते, का मागते आणि पालकाला त्यात काय करता येते, याची उत्तरे इथे दिली आहेत. सगळी माहिती कॅलिफोर्नियापुरती आहे. टेक्सास किंवा न्यू जर्सीचे नियम वेगळे आहेत, ते इथे लावू नयेत.

डिस्ट्रिक्टचा ‘लेजिस्लेटिव्ह प्लॅटफॉर्म’ म्हणजे काय?

डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या बोर्डाने जाहीर बैठकीत मंजूर केलेली मागण्यांची यादी. बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात, विधिमंडळाचे काम जानेवारीत सुरू होण्याच्या आगेमागे ती तयार होते. यादी दोन ते चार पानांची असते आणि तिच्यात साधारणपणे मूळ अनुदानात वाढ, विशेष शिक्षणाचा पूर्ण खर्च, इमारती, शिक्षकांची भरती, पेन्शनचा भार आणि ‘पैसे न देता नवे काम लादू नका’ हे विषय असतात.

या यादीचा खरा उपयोग कामकाजात होतो. एखादे विधेयक अचानक पुढे आले आणि विषय यादीत असेल, तर सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी) त्याच दिवशी पाठिंब्याचे किंवा विरोधाचे पत्र पाठवू शकतात. विषय यादीत नसेल, तर पुढच्या बोर्ड मीटिंगपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर समितीची सुनावणी उरकलेली असते. म्हणून तुमचा विषय यादीत यावा असे वाटत असेल तर तो शरद ऋतूतच बोर्डापुढे मांडा. एप्रिलमध्ये मांडलेला मुद्दा कितीही योग्य असला तरी त्याची गाडी चुकलेली असते.

आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो. मग शाळेसाठी सॅक्रामेंटोपुढे हात का पसरायचे?

कारण तुमच्या डिस्ट्रिक्टला एकूण किती मिळायचे हे राज्य ठरवते. सेरानो विरुद्ध प्रीस्ट या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये म्हटले की मुलाच्या शिक्षणावरचा खर्च त्याच्या गावातल्या घरांच्या किमतीवर अवलंबून ठेवणे घटनेला धरून नाही. पाठोपाठ १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केले. त्यानुसार मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधला गेला, आणि घर विकले जात नाही तोवर करासाठी धरली जाणारी किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढू शकते. या दोन गोष्टींमुळे स्थानिक बोर्डाच्या हातून कर वाढवण्याचा अधिकार गेला.

आता हिशेब असा चालतो: राज्य एका सूत्राने डिस्ट्रिक्टची पात्र रक्कम काढते. स्थानिक मालमत्ता कराचा शाळेचा वाटा त्यातून वजा होतो आणि उरलेली रक्कम राज्य भरते. त्यामुळे तुमच्या गल्लीत नवी महागडी घरे झाली तरी शाळेच्या एकूण रकमेत फरक पडत नाही. राज्याला आपल्या पदरचे कमी द्यावे लागते, एवढेच.

मग पालो आल्टोसारख्या डिस्ट्रिक्टकडे इतका पैसा कसा?

तिथला मालमत्ता कर राज्याने ठरवलेल्या रकमेपेक्षाच जास्त येतो, आणि वरचा पैसा ठेवून घेण्याची मुभा कायद्यात आहे. अशा डिस्ट्रिक्टना ‘बेसिक एड’ किंवा ‘कम्युनिटी फंडेड’ म्हणतात. फ्रीमाँट युनिफाइड या गटात येत नाही. तिथे पैसा राज्याच्या सूत्राने, मुलांच्या संख्येनुसार येतो.

हा फरक समजला नाही तर मागण्यांची यादी वाचताना गोंधळ होतो. बेसिक एड डिस्ट्रिक्टमध्ये नवे मूल आले तर खर्च वाढतो पण पैसा येत नाही, म्हणून त्यांचा जोर मालमत्ता कराचा वाटा राखण्यावर असतो. सूत्रावर चालणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये पट घसरला की पैसाच जातो. दोन्हीकडचे पालक एकाच मागणीपत्रावर सह्या करतात तेव्हा त्यातली निम्मी कलमे एकाला लागू होत नाहीत, असे नेहमी दिसते. तुमचे डिस्ट्रिक्ट कोणत्या गटात आहे हा पहिला प्रश्न विचारा.

हे सूत्र नेमके कसे आहे? एका मुलामागे किती पैसे येतात?

सूत्राचे नाव लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला, बोलताना एलसीएफएफ. ते २०१३ पासून लागू आहे. त्याचे तीन थर आहेत.

पहिला थर मूळ अनुदानाचा. २०२४-२५ या वर्षी ते चौथी ते सहावीसाठी १०,१७७ डॉलर, सातवी-आठवीसाठी १०,४७८ डॉलर आणि नववी ते बारावीसाठी १२,१४४ डॉलर होते. टीके (किंडरगार्टनच्या आधीचे वर्ष) ते तिसरीसाठी १०,०२५ डॉलर, आणि वर्ग लहान ठेवण्यासाठी त्यावर १०.४ टक्के जास्त. दुसरा थर पूरक अनुदानाचा: कमी उत्पन्नाच्या घरांतली, इंग्रजी शिकत असलेली आणि फॉस्टर केअरमधली (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी राहणारी) मुले मोजतात आणि अशा प्रत्येक मुलामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा देतात. एक मूल दोन गटांत बसले तरी ते एकदाच मोजले जाते. तिसरा थर केंद्रित अनुदानाचा: अशा मुलांचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेले तर वरच्या भागावर आणखी ६५ टक्के. हा दर २०२०-२१ पर्यंत ५० टक्के होता.

उदाहरणाने पाहू. एका डिस्ट्रिक्टमध्ये या गटांचे प्रमाण ३० टक्के आहे, दुसऱ्यात ८० टक्के. चौथी ते सहावीच्या दरात पहिल्याला प्रत्येक मुलामागे सरासरी सुमारे १०,७८८ डॉलर मिळतात, दुसऱ्याला सुमारे १३,४५९. हा फरक जाणूनबुजून ठेवला आहे आणि आमच्या मते तो न्याय्य आहे. पण याचाच अर्थ असा, की सुस्थितीतल्या उपनगरांतल्या डिस्ट्रिक्टची जवळजवळ सगळी भिस्त पहिल्या थरावर असते. म्हणून त्यांच्या यादीत ‘मूळ अनुदान वाढवा’ ही मागणी सर्वांत वर असते. नवनव्या योजनांचा पैसा त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतो, आणि पोचला तरी तो ठरावीक कामालाच बांधलेला असतो.

दर वर्षी मूळ अनुदानात महागाईनुसार वाढ होते. २०२३-२४ मध्ये ती ८.२२ टक्के होती, २०२४-२५ मध्ये १.०७ टक्के आणि २०२५-२६ मध्ये २.३ टक्के. बहुतेक डिस्ट्रिक्टच्या खर्चात ८० टक्क्यांहून जास्त भाग पगार आणि लाभांचा असतो. आरोग्यविम्याचे हप्ते किंवा पेन्शनची वर्गणी राज्याच्या टक्केवारीकडे पाहून वाढत नाहीत. शिक्षकांच्या पेन्शनसाठी डिस्ट्रिक्ट पगाराच्या १९.१ टक्के भरते, इतर कर्मचाऱ्यांसाठी सुमारे २७ टक्के. बहुतेक कपाती सुरू होतात त्या याच फटीतून.

‘एडीए’वर एवढा वाद का होतो?

एडीए म्हणजे सरासरी दैनिक हजेरी. कॅलिफोर्निया पटावरच्या नावांचे पैसे देत नाही, वर्गात बसलेल्या मुलांचे देते. शाळेच्या पटावर ६०० मुले आणि हजेरी ९४ टक्के असेल, तर पैसे ५६४ मुलांचे येतात. शिक्षक, बाक आणि वीज मात्र ६०० मुलांची लागते. हजेरी ९६ टक्क्यांवर गेली तर १२ मुलांचे पैसे वाढतात. चौथी ते सहावीच्या दराने ते १,२२,००० डॉलरच्या घरात जातात, म्हणजे एका शिक्षकाचा बराचसा खर्च निघतो.

गैरहजेरी आजारपणाची असली आणि तुम्ही रीतसर कळवली असली तरी पैसे जातातच. ‘एक्स्क्यूज्ड’ हा शब्द मुलाच्या नोंदीपुरता आहे, अनुदानाशी त्याचा संबंध नाही.

अनेक डिस्ट्रिक्टची मागणी आहे की अनुदान पटसंख्येवर द्यावे. विरोधकांचे म्हणणे असे की मग शाळा मुलांना वर्गात आणण्यासाठी धडपडणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे, पण हजेरी सर्वांत कमी असते ती गरीब वस्त्यांत आणि दमा असलेल्या, घर बदलत राहणाऱ्या मुलांची. त्यांच्याच शाळेचे पैसे कापणे हा त्यावरचा उपाय नव्हे. २०२२-२३ पासून एक दिलासा मिळाला आहे: चालू वर्ष, मागचे वर्ष किंवा आधीच्या तीन वर्षांची सरासरी, यांपैकी जी हजेरी जास्त असेल ती धरतात. पट हळूहळू घसरत असेल तर त्यामुळे धक्का एकदम बसत नाही. पण बसतोच. राज्यातली पटसंख्या काही वर्षांपूर्वी ६२ लाखांच्या आसपास होती, आता ती ५८ लाखांवर आली आहे.

डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जायचे आहे. शाळेचे नुकसान टाळता येते का?

बऱ्याच अंशी येते. सुट्टीला जोडून शाळेचे १५ दिवस बुडाले, तर चौथी ते सहावीच्या एका मुलामागे साधारण ८५० डॉलर जातात. यावर ‘इंडिपेंडंट स्टडी’चा लेखी करार हा मार्ग आहे. मूल ठरलेला अभ्यास करते, शिक्षक तो तपासतात आणि तेवढे दिवस हजेरीत धरले जातात. तिकीट काढल्या काढल्या शाळेच्या ऑफिसात विचारा, किमान दोन-तीन आठवडे आधी. करारावर पालक, मूल आणि शिक्षक सगळ्यांच्या सह्या लागतात.

हे फसते ते शेवटच्या टप्प्यावर. करार होतो, पण पुण्यात लग्नाच्या धामधुमीत वही उघडली जात नाही आणि परत आल्यावर अर्धाच अभ्यास जमा होतो. जेवढे काम जमा झाले आणि मान्य झाले तेवढ्याच दिवसांची हजेरी लागते. शिवाय न कळवता लांबलेल्या गैरहजेरीत काही डिस्ट्रिक्ट मुलाचे नाव पटावरून कमी करतात. परत आल्यावर त्याच शाळेत जागा मिळेल याची खात्री मग राहत नाही.

होम लँग्वेज सर्व्हेत ‘मराठी’ लिहिले तर मुलाला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात टाकतील का? सगळे म्हणतात ‘इंग्लिश’ लिहा.

खरे ते लिहा. फॉर्मवरच्या पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकालाही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा लिहिली, तर मुलाची एल्पॅक नावाची चाचणी प्रवेशापासून ३० दिवसांत होते. २०२४ पासून टीकेच्या मुलांना ही चाचणी द्यावी लागत नाही. मूल इंग्रजीत सक्षम ठरले तर विषय तिथेच संपतो. नाही ठरले तर ते ‘इंग्लिश लर्नर’ म्हणून नोंदले जाते, पण नेहमीच्याच वर्गात बसते आणि त्याला रोज काही वेळ इंग्रजीची जादा शिकवणी मिळते. ती पुरवणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे.

घोटाळा बहुधा पाच वर्षांच्या मुलांचा होतो. घरी अस्खलित बोलणारे मूल अनोळखी परीक्षकापुढे तोंड उघडत नाही आणि कमी गुण मिळवते. चाचणीच्या आधी मुलाला सांगून ठेवा की एक बाई गप्पा मारतील, मोठ्याने उत्तर दे. इंग्लिश लर्नरच्या नोंदीतून बाहेर पडायला चार गोष्टी पाहतात: एल्पॅकमध्ये वरची पातळी ४, शिक्षकांचे मत, पालकांशी चर्चा आणि वाचन-लेखनातली प्रगती. सहावीत गेलेले, इंग्रजीत उत्तम निबंध लिहिणारे मूल अजून नोंदीतच असेल तर शाळेला लेखी विचारा. ते राहून गेलेले असू शकते.

अनुदानाशी याचा संबंध असा, की इंग्लिश लर्नर ठरलेल्या प्रत्येक मुलामागे डिस्ट्रिक्टला वर्षाला साधारण दोन हजार डॉलरचे पूरक अनुदान मिळते. शाळेत अशी २१ मुले असली तर त्यांच्या पालकांची समिती, ईलॅक, नेमावीच लागते, आणि डिस्ट्रिक्टमध्ये ५१ असली तर डीलॅक. मराठी, तेलुगू, तमिळ पालक या समित्यांत फारसे दिसत नाहीत. तो पैसा कशावर खर्च व्हावा हे सांगण्याची हक्काची जागा त्यामुळे रिकामी राहते.

जेवण तर सगळ्यांना फुकट आहे. मग उत्पन्नाचा फॉर्म कशाला भरायचा?

२०२२-२३ पासून राज्यातल्या सरकारी शाळांत नाश्ता आणि जेवण सर्वांना मोफत आहे, आणि तेव्हापासून लोक फॉर्म भरेनासे झाले. पण एलसीएफएफच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या थरासाठी कमी उत्पन्नाची मुले याच फॉर्मवरून मोजतात. पात्र घराने फॉर्म न भरणे म्हणजे शाळेचे पैसे सोडून देणे. फॉर्ममधली माहिती गोपनीय असते.

प्रपोझिशन ९८ ची हमी असताना कपात होतेच कशी?

१९८८ च्या या दुरुस्तीने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी राज्याच्या तिजोरीतला किमान वाटा बांधला. तो काढण्याच्या तीन कसोट्या आहेत, पण ढोबळमानाने राज्याच्या सर्वसाधारण निधीतला ४० टक्के भाग समजा. अडचण तिजोरीतच आहे. कॅलिफोर्नियाचा महसूल श्रीमंतांच्या आयकरावर आणि त्यातही शेअर विकून झालेल्या नफ्यावर फार अवलंबून आहे. बाजार पडला की हमीची रक्कमही पडते. विधिमंडळ दोनतृतीयांश मतांनी हमी स्थगितही करू शकते. २००४-०५, २०१०-११ आणि २०२३-२४ या वर्षांसाठी तसे झाले आहे.

दुसरी युक्ती म्हणजे ‘डिफरल’. जूनचा हप्ता जुलैत दिला की राज्याच्या वहीत तो पुढच्या वर्षीचा खर्च ठरतो. वहीत बचत दिसते, पण डिस्ट्रिक्टला जूनचे पगार द्यायला कर्ज काढावे लागते आणि त्याचे व्याज वर्गखोलीच्या पैशातून जाते. म्हणून ‘डिफरल नको, आणि करावेच लागले तर सर्वांत आधी ते फेडा’ हे कलम बहुतेक याद्यांत असते.

हमी म्हणजे तळ असायला हवा होता. बऱ्याच वर्षांत ती छतच ठरली आहे.

डिस्ट्रिक्टकडे कोट्यवधी डॉलर शिल्लक दिसतात, तरी पिंक स्लिप का?

शिल्लक रकमेतला काही भाग विशिष्ट कामाला बांधलेला असतो, तो पगारावर खर्च करता येत नाही. उरलेल्यातून कायद्याने राखीव निधी ठेवावा लागतो. एडीए १,००१ ते ३०,००० असलेल्या डिस्ट्रिक्टसाठी तो खर्चाच्या ३ टक्के आहे. ३ टक्के म्हणजे जेमतेम ११ दिवसांचा खर्च. डिस्ट्रिक्टला चालू आणि पुढच्या दोन अशा तीन वर्षांचा हिशेब जुळवून काउंटीच्या शिक्षण कार्यालयाला दाखवावा लागतो, डिसेंबर आणि मार्चमध्ये. तिसऱ्या वर्षी खड्डा दिसला तर काउंटी आजच कपात मागते.

त्यात तारखांचा मेळ बसत नाही. शिक्षकांना नोकरकपातीची पहिली नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते, तर गव्हर्नरांचे सुधारित बजेट १४ मेपर्यंत येते. पैसे किती मिळणार हे कळण्याच्या दोन महिने आधी नोटिसा काढाव्या लागतात. जूनमध्ये त्यातल्या बऱ्याच मागे घेतल्या जातात, पण तोवर चांगले तरुण शिक्षक दुसरीकडे गेलेले असतात. आमच्या मते या तारखा बदलणे ही बिनपैशाची, सर्वांत उपयोगी मागणी आहे.

एकदाच आलेला पैसा कायमच्या पगाराला लावणे ही उलट बाजूची चूक. कोविडच्या मदतीचा शेवटचा केंद्रीय निधी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत वापरात आणायचा होता. त्यातून नेमलेले समुपदेशक आणि सहायक आता कोणत्या पैशातून ठेवायचे, हा प्रश्न अनेक बजेटांच्या मुळाशी आहे.

विशेष शिक्षणाबद्दल डिस्ट्रिक्ट वॉशिंग्टनकडे काय मागतात?

४० टक्के. १९७५ च्या कायद्याने, जो आता आयडिया म्हणून ओळखला जातो, अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य आणि मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि त्यासाठी प्रतिविद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्राचा वाटा ठरवला. तो वाटा आजवर एकदाही पूर्ण आलेला नाही. अलीकडच्या वर्षांत तो १५ टक्क्यांच्याही खाली आहे.

राज्याचा वाटाही गरजेनुसार येत नाही. तो डिस्ट्रिक्टच्या एकूण हजेरीवर मिळतो, विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या संख्येवर नाही. म्हणजे एकूण पट घटला आणि स्पीच थेरपी किंवा ऑटिझमसाठी मदत लागणारी मुले वाढली, तर खर्च वर जातो आणि अनुदान खाली. उरलेला खर्च सर्वसाधारण निधीतून भरावा लागतो, आणि तो भरलाच पाहिजे. मागच्या वर्षापेक्षा कमी खर्च केला तर केंद्रीय पैसा धोक्यात येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बैठकीत कोणी ‘त्या मुलांमुळे आमच्या मुलांचे पैसे जातात’ असे म्हणाले, तर ते चूक आहे आणि क्रूरही. आयईपी, म्हणजे मुलासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षणयोजना, हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. वचन सरकारने मोडले आहे, मुलाने काही घेतलेले नाही. मागणी लिहितानाही ‘खर्चाचा बोजा’ असे शब्द टाळा आणि ‘न आलेला केंद्रीय वाटा’ असे लिहा.

बॉण्ड आणि पॅरसल टॅक्समध्ये फरक काय?

बॉण्डचा पैसा इमारतींसाठी असतो: छत, वातानुकूलन, प्रयोगशाळा, भूकंपसुरक्षा. त्यातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. २००० च्या प्रपोझिशन ३९ नुसार तो ५५ टक्के मतांनी मंजूर होतो. पण त्यासाठी कामांची यादी आधी जाहीर करावी लागते, दर वर्षी लेखापरीक्षण होते आणि नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. पॅरसल टॅक्स दर मालमत्तेमागे लावतात आणि त्यातून पगार देता येतात, मात्र त्याला दोनतृतीयांश मते लागतात. ६५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले तरी तो पडतो. म्हणून पॅरसल टॅक्सची अटही ५५ टक्क्यांवर आणावी, ही उपनगरी डिस्ट्रिक्टची जुनी मागणी आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने १० अब्ज डॉलरचा शैक्षणिक बॉण्ड मंजूर केला, त्यातले ८.५ अब्ज शाळांना. राज्याचा वाटा मिळवायला डिस्ट्रिक्टला आपला वाटा उभा करावा लागतो आणि अर्ज रांगेने घेतले जातात. त्यामुळे नकाशे तयार असलेली, स्वतःचा बॉण्ड आधीच मंजूर असलेली डिस्ट्रिक्ट पुढे राहतात.

लॉटरीचा पैसा?

बजेटच्या जेमतेम एक-दोन टक्के.

शाळेसाठी देणग्या गोळा करणाऱ्या फाउंडेशनने दर मुलामागे पाचशे डॉलर मागितले. हे ‘डोनेशन’ सक्तीचे आहे का?

नाही. राज्यघटना मोफत शाळेची हमी देते, आणि शाळेच्या कार्यक्रमात सहभागी होण्यासाठी, वर्ग असो, बँड असो किंवा खेळ, फी आकारता येत नाही. देणगी ऐच्छिक आहे. जमत असेल तर जरूर द्या, ग्रंथपाल आणि संगीतशिक्षक कित्येक ठिकाणी याच पैशावर टिकून आहेत. पण न देणाऱ्या मुलाला वगळले जात असेल तर लेखी तक्रार करा. त्यासाठीची ठरलेली पद्धत प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये असते.

डिस्ट्रिक्ट स्वतः प्रचार करू शकते का?

विधेयकांबद्दल विधिमंडळात बाजू मांडू शकते, त्यासाठी प्रतिनिधीही नेमू शकते. मतपत्रिकेवरच्या ठरावासाठी किंवा उमेदवारासाठी मात्र शाळेचा पैसा, ईमेल, झेरॉक्स मशीन किंवा कर्मचाऱ्यांचा वेळ वापरायला शिक्षण संहितेच्या कलम ७०५४ ने बंदी आहे. बोर्ड जाहीर बैठकीत पाठिंब्याचा ठराव करू शकते आणि तटस्थ माहिती देऊ शकते. ‘बॉण्डला हो म्हणा’ असा कागद मुलांच्या दप्तरातून घरी पाठवता येत नाही. पालकांनी हे लक्षात ठेवावे. शाळेच्या यादीतले ईमेल पत्ते वापरून केलेला उत्साही प्रचार शेवटी डिस्ट्रिक्टलाच अडचणीत आणतो.

पत्र कसे लिहावे, की ते वाचले जाईल?

एका पानात. पहिल्या ओळीत विधेयकाचा क्रमांक, मांडणाऱ्या सदस्याचे नाव आणि तुमची भूमिका: पाठिंबा, विरोध, किंवा ‘दुरुस्ती केल्यास पाठिंबा’. दुसऱ्या परिच्छेदात तुमच्या डिस्ट्रिक्टचा एक आकडा. तिसऱ्यात एकच मागणी. शेवटी नाव, शहर, झिपकोड.

‘शिक्षणाला जास्त निधी द्या’ या वाक्यावर कोणाचाही आक्षेप नसतो, म्हणूनच त्याने काही होत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘आमच्या डिस्ट्रिक्टने मागच्या वर्षी विशेष शिक्षणासाठी सर्वसाधारण निधीतून इतके डॉलर भरले, ही रक्कम इतक्या शिक्षकांच्या पगाराएवढी आहे. राज्याचा दर इतक्याने वाढवा.’ हे आकडे डिस्ट्रिक्टच्या मंजूर बजेटमध्ये आणि एलकॅपमध्ये सापडतात, दोन्ही वेबसाइटवर असतात.

पत्र विधिमंडळाच्या पोर्टलवरून, सुनावणीच्या सुमारे आठवडाभर आधी पोचले तर समितीच्या टिपणात नाव येते. ५० जणांनी तोच मजकूर चिकटवून पाठवला तर ते एकच पत्र धरले जाते. दहा पालकांनी आपापला अनुभव आणि एकच मागणी लिहिली तर जास्त वजन पडते.

वर्षभरात कोणत्या तारखा सांभाळायच्या?

१० जानेवारीपर्यंत गव्हर्नरांचे प्रस्तावित बजेट येते. फेब्रुवारीत नवी विधेयके मांडण्याची मुदत संपते. मार्च-एप्रिलमध्ये समित्यांच्या सुनावण्या होतात, आणि पत्रांचा खरा मोसम हाच. १४ मेपर्यंत सुधारित बजेट. मेच्या मध्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये विनियोजन समितीची ‘सस्पेन्स फाइल’ निघते: खर्चिक विधेयके एका दिवसात, चर्चेशिवाय पुढे जातात किंवा तिथेच संपतात. तुमचे विधेयक त्या फाइलमध्ये असेल तर आधीच्या आठवड्यात समितीच्या अध्यक्षांच्या आणि आपल्या आमदाराच्या कार्यालयात फोन करा. १५ जूनपर्यंत विधिमंडळाला बजेट मंजूर करावे लागते आणि १ जुलैला नवे वर्ष सुरू होते. डिस्ट्रिक्टचे बजेट आणि एलकॅपही त्याआधी जाहीर सुनावणी घेऊन मंजूर व्हावे लागते. त्या सुनावणीला बहुतेक ठिकाणी खुर्च्या रिकाम्या असतात.

बोर्ड मीटिंगला बोलायचे असेल तर?

नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लागते. ती वाचा, विषयाचा क्रमांक पाहा, नाव नोंदवा. साधारणपणे प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात, गर्दी असेल तर कमी. दीड मिनिटाचे लिहून न्या. पत्रिकेवर नसलेल्या विषयावरही बोलता येते, पण बोर्ड त्यावर चर्चा किंवा निर्णय करू शकत नाही. ते गप्प बसले म्हणून रागावू नका, कायदा तसा आहे. उत्तर हवे असेल तर ‘हा विषय पुढच्या पत्रिकेवर घ्या’ अशी मागणी करा.

मी एच-१बी वर आहे. मला यात काय करता येईल?

पुष्कळ. बोर्डापुढे बोलणे, पत्र लिहिणे, आमदाराच्या कार्यालयात भेटणे, ईलॅक-डीलॅक, एलकॅपची पालक समिती किंवा स्कूल साइट कौन्सिलवर निवडून येणे, यांपैकी कशालाही नागरिकत्व लागत नाही. स्कूल साइट कौन्सिल ही महाराष्ट्रातल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या जवळची गोष्ट आहे, ती शाळेची वार्षिक योजना आणि तिच्या पैशांचा आराखडा ठरवते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयाच्या) काउंटरवर किंवा बाजारात कोणी फॉर्म पुढे केला तरी मतदार म्हणून नाव नोंदवू नका. चुकून नोंदवलेले नावसुद्धा ग्रीन कार्डाच्या वेळी गंभीर संकट होऊ शकते. आणि ग्रीन कार्ड नसेल तर निवडणुकीतल्या उमेदवाराला पैसे देऊ नका, केंद्रीय कायद्याने ती बंदी आहे. बॉण्डच्या प्रचारनिधीच्या बाबतीतही हात आखडताच ठेवा.

मराठीसाठी डिस्ट्रिक्टकडे काही मागता येते का?

येते, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. हायस्कूलच्या पदविकेवर मिळणारी ‘सील ऑफ बायलिटरसी’ ही द्विभाषिकतेची मोहोर २०१२ पासून आहे, ती देणारे कॅलिफोर्निया पहिले राज्य. स्पॅनिश किंवा चिनी शिकलेल्या मुलांना एपी (हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेजपातळीच्या) परीक्षेचा मार्ग असतो. मराठीची एपी परीक्षा नाही, त्यामुळे मराठीची कोणती चाचणी मान्य करायची हे डिस्ट्रिक्टने ठरवावे लागते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांतली मुले वाचन-लेखन शिकलेली असतात, पण मागणीच कोणी न केल्यामुळे बारावीत अर्ज करायला जातात तेव्हा मराठी यादीत नसते. मूल नववीत असतानाच हायस्कूलच्या समुपदेशकाला आणि डिस्ट्रिक्टच्या भाषा विभागाला लेखी विचारा: मराठीसाठी कोणती चाचणी मान्य आहे, ती कधी होते, फी कोण भरते. तिन्हींचे उत्तर ‘ठरलेले नाही’ असे आले, तर ते पत्र घेऊन चार-पाच पालकांनी मिळून शरद ऋतूतल्या बोर्ड मीटिंगला जा.